काजूच्या खड्ड्यांसाठी अख्खा उतार खरवडू नका

मे उजाडला की कोल्हापूरच्या चंदगड, आजरा, भुदरगड, शाहूवाडीतल्या वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनींवर जेसीबी चढतो. काजू लावायची म्हणून उतार पार उघडाबोडका करतात. मृगाच्या पहिल्या दणक्यात वरची माती ओढ्याला जाते. पुढं काजू खुरटी राहते आणि रानमोडीचं तण माणूसभर वाढतं. दरवर्षी हेच बघतोय, म्हणून पाऊस लागायच्या आत सांगतोय: सरसकट सफाई थांबवा.

साधा हिशेब करा. 7 बाय 7 मीटरवर हेक्टरी साधारण 200 झाडं बसतात. 60 सेंमी लांब-रुंद खड्डे सगळे मिळून पाऊण गुंठासुद्धा होत नाहीत. तेवढ्यासाठी शंभर गुंठे कशाला सोलायचे?

ऐन, किंजळ, जांभूळ कोयत्यानं तोडलं तरी बुंध्याला धुमारे फुटतात. जेसीबी बुंधाच उपटतो. जांभळाचं बी काही आठवड्यांतच मरतं, मातीत वर्षानुवर्षं टिकत नाही. आसपासची जुनी झाडं गेली की पुन्हा उगवायचं कशातून?

करवंदीची जाळी तर आधी तोडतात, आणि तीच रोपांची खरी राखणदार. काटे बाजूला सारून आत बघा. गुरांचं तोंड पोचत नाही तिथं वीतभर अंजनी, चार पानांचं जांभूळ उभं असतं. माझा ठोकताळा असा, की देवराई जवळ असेल तर अशा जाळीतून झाडं लावल्याशिवाय वर येतात.

आत्ताची कामं:
- खड्डे 60 × 60 × 60 सेंमी, हातानं
- भरताना घमेलंभर शेणखत, 1 किलो सिंगल सुपर फॉस्फेट
- खड्ड्याभोवती हातभर जागाच साफ
- उतारावर आडव्या दगडी ताली (बांध)

तणनाशकाचा कॅन दुकानदार गळ्यात मारेल, घेऊ नका. त्यातल्या ग्लायफोसेटला रानमोडी आणि हिरड्याचं रोप सारखंच. रानमोडी जून-जुलैत ओल्या मातीतून मुळासकट उपटा. दिवाळीनंतर ती फुलली की बी वाऱ्यावर सगळीकडे जातं.

ऑस्ट्रेलियन बाभळीखाली पाचोळ्याचा जाड थर साचतो, कोवळं मूळ मातीपर्यंत पोचत नाही. तिथं पावसाआधी जागोजागी पाचोळा ओढून माती उघडी करा आणि ताजं जांभूळ, फणसाची आठळी टोचा.

जेसीबी ठरवलाच असेल तर आदल्या दिवशी स्वतः उतार फिरा. प्रत्येक रोपाला, बुंध्याला आणि जाळीला चुन्यानं रंगवलेली काठी लावा, ड्रायव्हरला ती दाखवा आणि काम संपेपर्यंत तिथंच उभे राहा.