'स्टेनो'चा शब्द समोर आला की तो कसा सोडवायचा

वैद्यकीय अहवालात, जीवशास्त्राच्या पुस्तकात, झाडांच्या शास्त्रीय नावांत 'स्टेनो' हा उपसर्ग वारंवार भेटतो. ग्रीक 'स्टेनोस' म्हणजे अरुंद, चिंचोळा. बहुतेक मार्गदर्शक एवढं सांगून थांबतात आणि पुढे शब्दांची लांबलचक यादी पाठ करायला देतात. ती यादी पाठ करू नका. उपसर्गाचा अर्थ तोंडपाठ असूनही शब्द चुकतो, कारण नेमकं काय अरुंद आहे हे उपसर्ग सांगतच नाही. ते शोधून काढावं लागतं.

१. शब्द याच कुळातला आहे ना, ते आधी बघा

देवनागरीत हे काम सोपं आहे: 'ट' आहे की 'थ', एवढंच पाहायचं. मायस्थेनिया, न्यूरॅस्थेनिया, कॅलिस्थेनिक्स हे शब्द 'स्थेनोस' म्हणजे बळ या वेगळ्या ग्रीक शब्दापासून आले आहेत. मायस्थेनियात स्नायू अरुंद होत नाहीत, त्यांचं बळ जातं. घाईत 'थ'चा 'ट' लिहिला की दोन कुळं एकमेकांत मिसळतात, म्हणून लिहिताना 'थ' सांभाळाच.

दुसरा चकवा 'सिनोस्टोसिस'चा. कानाला तो 'स्टेनोसिस'सारखाच लागतो, पण त्याची फोड 'सिन' म्हणजे एकत्र आणि 'ऑस्टिऑन' म्हणजे हाड अशी आहे. बाळाच्या कवटीचे सांधे वेळेआधी जुळून येतात ते क्रॅनिओसिनोस्टोसिस, आणि कवटी अरुंद राहते ते क्रॅनिओस्टेनोसिस. एक कारण सांगतो, दुसरा परिणाम.

तिसरा चकवा माणसाच्या नावाचा. गालातल्या लाळग्रंथीची नलिका वरच्या दुसऱ्या दाढेसमोर तोंडात उघडते. तिला स्टेनसेनची किंवा स्टेनोची नलिका म्हणतात. ती अरुंद असते म्हणून नव्हे, तर नील्स स्टेनसेन (१६३८–१६८६) या डॅनिश शास्त्रज्ञाच्या नावावरून. त्याच्या नावाचं लॅटिन रूप स्टेनो. स्फटिकशास्त्रातला स्टेनोचा नियमही त्याचाच.

२. उरलेला भाग वेगळा काढा

'थर्म' म्हणजे उष्णता, 'हॅलाइन' म्हणजे मिठाचं, 'फॅगस' म्हणजे खाणारा, 'फायला' म्हणजे पानांची, 'ग्राफी' म्हणजे लेखन, 'ओसिस' म्हणजे स्थिती. हे कुठल्याही कोशात मिळतं.

३. 'काय अरुंद?' हे विचारा

खरी अडचण इथे आहे. मला स्वतःला सगळ्यात जास्त वेळ याच पायरीवर लागला, आणि सल्ले देणारे नेमकी हीच पायरी गाळतात. उत्तर शब्दाच्या दुसऱ्या भागात आणि तो शब्द कुठल्या शास्त्रात वापरलाय यात असतं.

वनस्पतींच्या नावात आकार अरुंद असतो. कॉफिया स्टेनोफायला ही अरुंद पानांची कॉफी. इथे विचार करण्यासारखं फार काही नाही.

वैद्यकात बहुधा वाट अरुंद असते. पण 'स्टेनोसिस म्हणजे नळी बारीक होणं' ही व्याख्या मला अजिबात पटत नाही, कारण ती रुग्णाला आणि विद्यार्थ्याला सारखीच फसवते. हृदयाच्या झडपेचा स्टेनोसिस म्हणजे झडप पुरती उघडत नाही. (झडप नीट मिटत नसेल, तर तो रीगर्जिटेशन हा वेगळा दोष.) महाधमनीच्या झडपेचं उघडलेलं तोंड प्रौढ माणसात साधारण ३ ते ४ चौरस सेंटिमीटर असतं, ते १ चौरस सेंटिमीटरच्या खाली गेलं की आजार तीव्र धरतात. तान्ह्या बाळाच्या पायलोरिक स्टेनोसिसमध्ये जठराच्या खालच्या तोंडाचा स्नायू जाड होतो आणि त्यामुळे वाट चिंचोळी होते. बाळ दूध जोरात उलटून टाकतं. आणि मणक्याच्या स्टेनोसिसमध्ये तर काही वाहायचं अडलेलं नसतं. मणक्यातल्या पोकळीत जागा कमी पडते आणि आतल्या नसा दाबल्या जातात. चालताना पाय भरून येतात, पुढे वाकलं किंवा बसलं की आराम पडतो, तो म्हणूनच. तिन्ही ठिकाणी शब्द तोच, पण कुठे उघडणं अडलंय, कुठे स्नायू जाड झालाय, तर कुठे जागा कमी पडलीय. म्हणून 'स्टेनोसिस' वाचलंत की लगेच दोन प्रश्न विचारा: कशाची वाट, आणि त्या वाटेत काय आहे?

वाट मुळातच नसेल तर तो शब्द ॲट्रेझिया. त्याला स्टेनोसिस म्हणू नका.

जीवपर्यावरणशास्त्रात गाडी पूर्ण वेगळ्या रुळावर जाते. इथे अरुंद असतो तो सहन होणारा पल्ला. स्टेनोथर्मल प्राण्याला तापमानातला थोडाच फरक चालतो, स्टेनोहॅलाइन प्राण्याला खारेपणातला. आणि इथेच जाणते लोकही घसरतात: स्टेनोहॅलाइन म्हणजे 'कमी मिठात राहणारा' असं ते धरतात. तसं नाही. गोल्डफिश गोड्या पाण्यात स्टेनोहॅलाइन आहे, तर तारामासे आणि समुद्री साळिंदरं समुद्राच्या पाण्यात. तारामासे-साळिंदरांच्या गटातला एकही प्राणी गोड्या पाण्यात आढळत नाही. पल्ला किती रुंद ते उपसर्ग सांगतो, तो मोजपट्टीवर कुठे बसतो ते सांगत नाही. तापमानाचंही तेच. अंटार्क्टिकातले काही मासे गोठणबिंदूजवळच्या पाण्यात सुखाने राहतात आणि पाणी ६ अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की मरतात. प्रवाळ उष्ण समुद्रात राहतात, तरी नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा जेमतेम १ अंश जास्त तापमान काही आठवडे टिकलं की पांढरे पडू लागतात. एक बर्फाच्या शेजारी, दुसरा कोमट पाण्यात, आणि दोघेही स्टेनोथर्मल. त्यामुळे स्टेनोथर्मलचं भाषांतर 'थंडीत राहणारा' असं करणारं टिपण हाती आलं तर ते सरळ बाजूला ठेवा.

स्टेनोफॅगस याच रांगेतला: आहाराचा पल्ला अरुंद. निलगिरीच्या पानांवर जगणारा कोआला हे त्याचं सरळ उदाहरण.

स्टेनोग्राफीत लिखाणाने व्यापलेली जागा आवळलेली असते. जॉन विलिस यांनी १६०२ मध्ये आपल्या लघुलिपीला हे नाव दिलं. स्टेनोपिक मात्र हातात धरून समजतो: 'ओपे' म्हणजे भोक. जाड काळ्या कागदाला मिलिमीटरभर भोक पाडा, चष्मा काढा, एक डोळा झाका आणि भोकातून लांबची पाटी वाचा. मघाशी पुसट दिसणारी अक्षरं स्पष्ट झाली तर दोष बहुधा चष्म्याने सुधारणारा आहे. नेत्रतज्ज्ञही साधारण १.२ मिलिमीटरच्या भोकाने हीच तपासणी करतात.

४. टक्के लिहिले असतील तर कशाचे, ते विचारा

'५० टक्के स्टेनोसिस' हे व्यासाचं आहे की क्षेत्रफळाचं? गोल रक्तवाहिनीचा व्यास निम्मा झाला तर क्षेत्रफळ चौथाई उरतं, म्हणजे तोच अडथळा क्षेत्रफळाच्या हिशेबात ७५ टक्के भरतो. दोन अहवालांची तुलना करण्याआधी हे विचारलंच पाहिजे, नाहीतर आजार न वाढताही वाढल्यासारखा दिसतो. आणि नुसत्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नका. रक्तवाहिनीचा पुढचा भाग रुंदावून रक्तपुरवठा बराच काळ सांभाळून घेतो. लक्षणं काय आहेत ते डॉक्टरांशी बोला.

५. उलटा शब्द लावून ताळा करा

'युरी' म्हणजे रुंद. सॅमन नदीत आणि समुद्रात दोन्हीकडे राहतो, म्हणून तो युरीहॅलाइन. तुमचा अर्थ उलटवल्यावर असा नीट बसला तर तो बरोबर. वैद्यकीय शब्दांना हा ताळा लागू पडत नाही. तिथे तिसऱ्या पायरीतल्या दोन प्रश्नांवरच भिस्त ठेवा.

६. न बसणारे शब्द

रशियन वैद्यकात अंजायनाला, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत होणाऱ्या दुखण्याला, स्टेनोकार्डिया म्हणतात. शब्दशः 'हृदयाचा अरुंदपणा', पण हृदय काही अरुंद होत नाही. रुग्णाला छाती आवळल्यासारखी वाटते. स्टेनोट्रोफोमोनास या जीवाणूचं १९९३ मधलं नाव 'थोड्याच पदार्थांवर पोसणारा' असं सुचवतं, म्हणून कुणी त्याला दुबळा समजेल. प्रत्यक्षात त्याच्या माल्टोफिलिया या जातीवर कार्बापेनेमसारखी जबर प्रतिजैविकं मुळातच चालत नाहीत. रोगांच्या आणि जीवाणूंच्या नावांत फोड करून हाती आलेला अर्थ अहवालात किंवा उत्तरपत्रिकेत उतरवण्याआधी वैद्यकीय कोशात पडताळून घ्या.