छोट्या मंडळीतील स्वयंसेवक: काम कसे वाटावे आणि माणसे कशी जपावीत

खानापूर तालुक्यातील एखाद्या गावची किंवा बेळगावच्या उपनगरातील ख्रिस्ती मंडळी (म्हणजे एका चर्चचे सभासद) पुष्कळदा तीस-चाळीस कुटुंबांचीच असते. पाळकसाहेबांकडे, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंकडे, आणखी एखादी मंडळी सोपवलेली असते आणि पगारी माणूस म्हणावा असा कोणीच नसतो. अशा ठिकाणी घंटा वाजवण्यापासून नाताळच्या प्रीतिभोजनापर्यंतचे सगळे काम मंडळीतील माणसेच करतात, आणि त्यांतही तीच ती पाच-सहा माणसे करतात. म्हणून नवे स्वयंसेवक शोधण्याआधी आहेत त्यांच्यावर किती भार पडला आहे हे मोजावे, असे माझे ठाम मत आहे.

त्यासाठी एक साधी वही पुरते. वर्षभरातील प्रत्येक काम तीत लिहावे: झाडलोट, फुले, पेटी आणि तबला, शब्बाथ शाळा (मुलांचा रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग), अर्पण मोजणे, प्रभुभोजनाचे (भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीचे) प्याले धुणे, आजाऱ्यांच्या भेटी, मयताच्या घरी पहिल्या दिवशीचे जेवण. प्रत्येक कामापुढे ते कोण करते, त्याला किती वेळ लागतो आणि ती व्यक्ती आजारी पडली तर कोण करील, हे नोंदवावे. आमच्या मंडळीत अशी यादी केली तेव्हा एकाच बहिणीचे नाव चार ठिकाणी आले आणि शेवटचा रकाना जवळजवळ कोराच राहिला. त्या बहिणीने कधी तक्रार केली नव्हती, आणि आम्हीही कधी विचारले नव्हते, याची मला आजही खंत वाटते.

बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे न्यायनिवाडे करत बसलेला पाहून त्याचा सासरा इथ्रो त्याला हजार, शंभर, पन्नास आणि दहा जणांवर नायक नेमण्यास सांगतो. छोट्या मंडळीला त्यातला दहाचा आकडा पुरेसा आहे. एका जबाबदार व्यक्तीने दहांपेक्षा जास्त स्वयंसेवकांची काळजी वाहू नये, कारण दहा जणांची घरची अडचण लक्षात राहते, तीस जणांची राहत नाही.

काम सांगण्यासाठी उपासनेच्या शेवटी सर्वांना उद्देशून आवाहन करू नये. त्याने भिडस्त माणसे खाली मान घालतात आणि ज्यांच्यावर आधीच ओझे आहे तेच पुन्हा हात वर करतात. संध्याकाळी घरी जावे, चहा घ्यावा आणि नेमके विचारावे: “मावशी, जानेवारी ते मार्च, महिन्यातल्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाची तयारी तुम्ही बघाल का? तासाभराचे काम आहे, पहिल्या वेळी मी सोबत असेन, आणि मार्चनंतर दुसऱ्या कोणाला तरी सांगू.” काम, वेळ, सोबत आणि शेवट या चारही गोष्टी या बोलण्यात आल्या आहेत. त्यांतली शेवटाची तारीख मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण एकदा हो म्हटले की जन्मभर सुटका नाही या धास्तीनेच पुष्कळ चांगली माणसे नाही म्हणतात. नकार आला तर तो हसतमुखाने घ्यावा आणि त्याची चर्चा इतरत्र करू नये.

पाळ्यांचा तक्ता तीन महिन्यांचा असावा आणि तो इथल्या कामाच्या हंगामांकडे पाहून करावा. खानापूरकडे पावसाळ्यात भाताच्या लावणीच्या दिवसांत घरटी एकही हात मोकळा नसतो. पुढे सुगी येते आणि तिच्यामागोमाग उसाचा गळीत हंगाम सुरू होतो, म्हणजे नाताळची तयारी नेमकी त्याच धांदलीत येते. बेळगावच्या उद्यमबागेतील कारखान्यांत काम करणाऱ्यांची पाळी बदलत असते, आणि दहावीच्या मुलांना फेब्रुवारीपासून परीक्षा संपेपर्यंत कोणतेही काम देऊ नये.

सीमाभागातील मंडळीने सर्वाधिक काळजी घ्यावी अशी बाब भाषेची आहे. उपासना मराठीत होत असली तरी कन्नड माहेरच्या सुना असतात, कोंकणी बोलणारी कुटुंबे असतात, आणि घरी मराठी बोलणारी काही मुले कन्नड माध्यमात शिकत असल्यामुळे त्यांना देवनागरीपेक्षा कन्नड लिपी चटकन वाचता येते. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातील तक्रार अशीच होती: रोजच्या वाटणीत आपल्या विधवांची उपेक्षा होते, अशी कुरकुर ग्रीक बोलणाऱ्यांनी इब्री बोलणाऱ्यांविरुद्ध केली. तेव्हा या वाटणीसाठी सात जण निवडले गेले, आणि त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, हे मला फार बोलके वाटते. ज्यांना डावलले गेल्याची भावना होती, त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती वाटणीचे काम दिले गेले असावे. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपासून इथे चालत आलेल्या भाषेच्या वादाचा निवाडा करणे हे मंडळीचे काम नाही, पण पाळ्यांचा तक्ता दोन्ही लिप्यांत लावणे, मुलांसाठी मराठी गीते कन्नड लिपीतही उतरवून देणे आणि बैठकीतील निर्णय दोन्ही भाषांत पुन्हा सांगणे नक्कीच आपल्या हातात आहे. कन्नड बोलणाऱ्यांकडे खुर्च्या उचलण्याचे काम आणि मराठी बोलणाऱ्यांकडे शास्त्रवाचन, अशी वाटणी नकळतसुद्धा होऊ देऊ नये.

शब्बाथ शाळेत मुलांबरोबर नेहमी दोन प्रौढ व्यक्ती असाव्यात, त्या एकाच घरातील नसाव्यात आणि खोलीचे दार उघडे असावे. कोणी कितीही ओळखीचे असले तरी या नियमाला अपवाद करू नये. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, त्यामुळे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांनी ते प्रकरण आपसात मिटवण्याचा विचारही करू नये. मुलांसाठीचा १०९८ हा मदत क्रमांक भिंतीवर लावून ठेवावा.

अर्पण दोन वेगवेगळ्या घरांतील दोघांनी मोजून वहीत दोघांनीही सही करावी. असे केल्याने उद्या कोणी शंका घेतली, तर प्रामाणिक माणसाला उत्तर देत बसावे लागत नाही. सेवेसाठी कोणालाही पदरचे पैसे घालावे लागू नयेत. बाजाराची पावती आणि प्रवासखर्च त्याच आठवड्यात द्यावा. ११ जून २०२३पासून कर्नाटकातील स्त्रियांना राज्याच्या साध्या बसमध्ये प्रवास मोफत असला, तरी बसथांब्यापासून पुढे रिक्षाचे पैसे लागतात, हे विसरू नये.

नव्या व्यक्तीला महिनाभर जुन्या व्यक्तीच्या जोडीने काम करू द्यावे. चूक झाली तर ती एकांतात सांगावी. आभार मानताना सरसकट सर्वांचे न मानता, कोणी काय केले ते नाव घेऊन सांगावे.

कोणी दोन रविवार आले नाही, तर तक्त्यातले नाव बदलण्याआधी घरी चौकशी करावी. बहुतेक वेळा घरात आजारपण असते, किंवा कोणाचा तरी शब्द मनाला लागलेला असतो. ज्यांची मुदत संपली, त्यांच्याकडून चावी आणि वही रीतसर घ्यावी आणि पुढचे तीन महिने त्यांना कोणतेही काम सांगू नये. त्यांनी रविवारी यावे आणि इतरांसारखे निवांत बाकावर बसावे. या काळात एकदा त्यांच्या घरी जाऊन प्रार्थना करून यावे, आणि त्या भेटीत कामाचा विषय काढू नये.