झुडपांसाठी खत आणि आच्छादन: काय खड्ड्यात घालावे, काय वर पसरावे

झुडूप लावताना खड्ड्यात निम्मी माती आणि निम्मे शेणखत भरण्याची पद्धत इतकी रुळलेली आहे की तिच्याविषयी सहसा कोणी शंका घेत नाही. मात्र पुढे पाण्याचा ताण सोसणारे झुडूप हवे असेल, तर हीच पद्धत आधी सोडावी. झुडूप कोरडा काळ कसा काढते हे त्याची मुळे खड्ड्याबाहेरच्या मूळ जमिनीत किती दूर पसरली आहेत यावर बरेचसे ठरते, आणि खताने भरलेल्या भुसभुशीत खड्ड्यातून बाहेर पडण्याची मुळांना घाई नसते. अशा खड्ड्यातले वाळलेले एक झुडूप मी उपटले, तेव्हा ते एका हिसक्यात हातात आले. लावून दोन वर्षे होऊनही मुळांचा गोळा कुंडीच्याच आकाराचा होता आणि खड्ड्याच्या कडेला टेकलेली मुळे तिथूनच मागे वळली होती.

पाण्याची अडचण याहून मोठी आहे. चिकणमातीत असा खड्डा हौदासारखा भरून राहतो आणि मुळे गुदमरतात, तर कोरड्या दिवसांत तोच भराव आजूबाजूच्या जमिनीआधी सुकतो. शिवाय खत कुजून बसले की रोपही खाली खचते. म्हणून खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट ते तिप्पट रुंद घ्यावा, खोली मात्र गोळ्याच्या उंचीपेक्षा जास्त नसावी. कडा गुळगुळीत झाल्या असतील तर पहारीने ओरखडाव्यात, गोलगोल फिरलेली मुळे मोकळी करावीत किंवा कापावीत, आणि निघालेलीच माती ढेकळे फोडून परत भरावी. निचऱ्यासाठी तळाशी खडी घालू नये, कारण बारीक मातीतले पाणी खडीत सहज उतरत नाही आणि मुळांपाशीच साचते. चिकणमातीत थोडी वाळू मिसळण्याचाही उपयोग नाही. ती अधिकच कडक होते.

जमीन खरोखरच निकस असेल, तर एकेका खड्ड्यापुरता विचार न करता लागवडीआधी संपूर्ण वाफ्यावर चांगल्या कुजलेल्या कंपोस्टचा सुमारे 5 सेंटिमीटर थर पसरून तो वरच्या 15 ते 20 सेंटिमीटर मातीत मिसळावा. जिप्सम हे माती सुधारण्यासाठी वापरले जाणारे खनिज केवळ सोडियम वाढलेल्या चोपण जमिनीतच कामाला येते. नत्राचा मोठा हप्ता पहिल्या वर्षी टाळलेला बरा, कारण मुळे बेताची असताना पालवी भरमसाट फुटली की झुडपाची तहान तेवढी वाढते.

खत आणि आच्छादन यांपैकी एकच करता येणार असेल, तर मी आच्छादन निवडेन. त्याने बाष्पीभवन घटते, माती तापत नाही आणि झुडपाचे पाणी पळवणारे गवत दबून राहते. माती चांगली भिजवून तिच्यावर लाकडाच्या जाड तुकड्यांचा 5 ते 10 सेंटिमीटर थर निदान फांद्यांच्या घेराइतका पसरावा. खोडाभोवतीची सुमारे 10 सेंटिमीटर जागा मात्र उघडी ठेवावी, नाहीतर साल सतत ओली राहून कुजते. बारीक भुशाचा जाड थर दबून पापुद्रा धरतो आणि पाणी त्यावरून वाहून जाते. ताजे लाकूड कुजताना मातीतले नत्र अडकून झुडपाला मिळत नाही ही भीती ते मातीत मिसळल्यास खरी असते. वर पसरल्यास परिणाम पृष्ठभागापुरताच राहतो.

आच्छादन घातले म्हणजे पाणी थांबवले असे नव्हे. मुळांच्या गोळ्यासोबत आलेले कुंडीतले हलके मिश्रण भोवतालची माती ओली असतानाही सुकते, त्यामुळे पहिले काही आठवडे पाणी थेट गोळ्यावर द्यावे आणि बोट आच्छादनाखाली, गोळ्यातच खुपसून ओल पाहावी. हलकी सर आली तरी बरेचदा वरचे तुकडेच भिजतात आणि खालची माती कोरडी राहते. पुढे आळे रुंदावत जावे, एका वेळी भरपूर पाणी द्यावे आणि पाळ्यांमधले अंतर हळूहळू वाढवावे. झुडूप स्थिरावायला साधारण एक ते दोन वर्षे लागतात. दरवर्षी आच्छादनाची भर घालताना आधी उरलेला थर मोजावा आणि जेवढा कमी झाला असेल तेवढाच वाढवावा.