हेइमायला निघण्यापूर्वी

आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्यासमोर वेस्टमन बेटांचा पुंजका आहे, आणि त्यातल्या हेइमाय या एकाच बेटावर वस्ती आहे. तिथं जायचं तर शेंगेन व्हिसा आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवासी आरोग्य विमा आधी मार्गी लावा. मग एक अख्खा दिवस रिकामा ठेवा. किनाऱ्यावरच्या ल्यांदेयाहोफ्न बंदरातून फेरीबोट ४० मिनिटांत पोचवते, पण लाटा चढल्या किंवा बंदराच्या तोंडाशी वाळू साचली की तीच बोट लांबच्या थोर्लाक्सहोफ्न बंदरातून ये-जा करते आणि समुद्रातला प्रवास पावणेतीन तासांच्या घरात जातो. म्हणून परतीचं विमान लगेच दुसऱ्या दिवशीचं काढू नका, आणि बोट लागत असेल तर गोळी चढण्याआधीच घ्या.

अडकून पडलात तर या हवेवर फार रागावू नका. २२ जानेवारी १९७३ ला वादळ होतं म्हणून मासेमारीच्या बोटी बंदरातच राहिल्या. त्याच रात्री गावाच्या कडेला जमीन फाटली, लाव्हा उसळला, आणि त्या बोटींमुळेच सुमारे ५,३०० माणसं काही तासांत सुखरूप बाहेर पडली.

तेव्हा उभा राहिलेला एल्डफेल हा ज्वालामुखीचा डोंगर चढायचाच. वाट सुट्या लाल-काळ्या खडीची आहे, पाय घसरतो. घोटा धरणारे बूट हवेत. वर काही जागी खडी बाजूला सारून तळवा टेकवला की अजून ऊब लागते. छत्री घरीच ठेवा, वाऱ्यापुढं तिचं काही चालत नाही. वारा अडवणारं, टोपीचं रेनकोट-जाकीट आणि आत लोकर एवढं पुरे. पैशांना कार्ड चालतं. ऑगस्टच्या सुरुवातीला तिथला मोठा उत्सव असतो, तेव्हा जायचं तर तिकीट-खोली काही महिने आधी पाहा.

माझं मत विचाराल तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत जा. बॅटरी, हातमोजे आणि पुठ्ठ्याचं एक खोकं जवळ असू द्या. पफिन या समुद्रपक्ष्याची पिल्लं, तिथल्या बोलीत ‘पिस्या’, रात्री कड्यावरून पहिल्यांदा झेपावतात आणि गावच्या दिव्यांना भुलून रस्त्यात उतरतात. मुलं मध्यरात्रीपर्यंत ती शोधत फिरतात. त्यांच्यासोबत जा, ती सांगतील तसं करा. पिल्लू मुठीएवढं नसतं, चांगलं ओंजळभर असतं, आणि चोच जोरात मारतं. रात्रभर खोक्यात ठेवायचं, सकाळी वजन करायचं, कड्यावर न्यायचं, आणि समुद्राकडे तोंड करून दोन्ही हातांनी उंच उडवायचं.