नागपूरहून स्पितीला: आठवड्याच्या बेतातल्या या चुका टाळा

आपल्या नागपूरकरांना हिमालय फार लांबचा वाटत नाही. आपल्या शहरातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पुढे झाशी, आग्रा, दिल्ली, अंबाला करत श्रीनगरपर्यंत जातो. त्यामुळे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या वर गेला की कुणीतरी म्हणतंच, "गाडी काढू न् थेट स्पितीला जाऊ. आठ दिवसांची रजा टाकली का झालं!"

हिमाचल प्रदेशातल्या या स्पिती खोऱ्यात मी दोनदा जाऊन आलो. तेव्हापासून मित्र आपापले बेत मला दाखवायला आणतात. कागद वेगळे, माणसं वेगळी, पण चुका बहुतेक त्याच असतात. पहिल्या खेपेला आम्हीही त्याच केल्या होत्या आणि त्यातली एक आमच्या घरच्या माणसाच्या जिवावर आली असती.

आठवडा नागपुरापासून मोजू नका

नागपूर ते दिल्ली रस्त्याने सुमारे १,१०० किलोमीटर. तिथून शिमला आणखी साडेतीनशे. रोज बारा तास गाडी हाकली तरी जायला दोन दिवस आणि यायला दोन दिवस. आठातले चार दिवस सपाटीवरच संपले, तर उरलेल्या चारांत स्पिती होत नाही. सात दिवस मोजायचे ते चंदीगडपासून. तिथपर्यंत रेल्वेने किंवा विमानाने जा आणि गाडी तिथे घ्या. स्वतः चालवायला भाड्याची गाडी घेत असाल तर तिची नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असायला हवीत. ओळखीतल्या कुणाची पांढऱ्या प्लेटची गाडी पैसे देऊन घेतली आणि अपघात झाला, तर विम्याचा दावा अडकू शकतो.

स्वतःचीच गाडी न्यायची हौस असेल तर जरूर न्या, पण मग रजा बारा दिवसांची काढा.

किलोमीटर बघू नका, रात्रीच्या मुक्कामाची उंची बघा

ही सगळ्यात मोठी चूक. आपलं शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर. डोंगर म्हणून आपल्याला ठाऊक ते चिखलदरा आणि पचमढी, दोन्ही हजार-अकराशे मीटरचे. स्पितीचं मुख्य गाव काझा आहे सुमारे ३,७०० मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू सुमारे एक-तृतीयांश कमी. शरीर याची सवय करून घेतं, पण त्याला दिवस लागतात.

नकाशावर मनालीहून काझा २०० किलोमीटर दिसतं. नागपूर-अमरावतीपेक्षा थोडंसंच जास्त. आम्हीही तेच बघून मनालीचा रस्ता धरला होता. सुमारे २,००० मीटरवरून निघालो, साडेचार हजार मीटरहून उंच कुंझुम खिंड ओलांडली आणि त्याच रात्री काझाला झोपलो. पहाटे मेव्हण्याचं डोकं ठणकायला लागलं, मग उलट्या सुरू झाल्या. आम्ही काय म्हणालो? "पित्त झालंय, रात्रीची भजी बाधली." त्याला पित्ताची गोळी दिली, वर आलं-लिंबू दिलं आणि ठरल्याप्रमाणे त्याला गाडीत बसवून आणखी वर, सुमारे ४,४०० मीटरवरच्या लांगझाला नेलं. दुपारी तो उठून बसेना. शेवटी चहाच्या दुकानातल्या बाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "इन को नीचे ले जाओ, अभी." आम्ही त्याला ताबोला आणलं, काझाहून चारेकशे मीटर खाली. दुसऱ्या सकाळी त्याने स्वतःहून चहा मागितला.

आपल्याकडे डोकेदुखी आणि उलटी म्हणजे पित्त, हे इतकं पक्कं डोक्यात बसलेलं असतं की दुसरं काही सुचतच नाही. म्हणून एवढं लक्षात ठेवा: अडीच हजार मीटरच्या वर गेल्यावर डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं, गळून जाणं हे सगळं आधी उंचीचंच समजायचं. त्या दिवशी आणखी वर जाऊन झोपायचं नाही. आराम करूनही त्रास वाढत असेल तर खाली उतरायचं. बसल्या जागी धाप लागणं, खोकल्यातून फेस येणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ होणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. लगेच खाली निघा आणि दवाखाना गाठा. काझाला सरकारी आरोग्य केंद्र आहे, रिकाँगपिओला शेजारच्या किन्नौर जिल्ह्याचं रुग्णालय.

कापराची पुरचुंडी हुंगल्याने रक्तातला प्राणवायू वाढत नाही. बाजारात मिळणारे ऑक्सिजनचे छोटे डबे काही मिनिटं पुरतात. ते उतरण्याला पर्याय नाहीत. बोटाला लावायच्या यंत्रावरचा आकडा तिथे सगळ्यांचाच घसरतो, तेव्हा आकड्याकडे कमी आणि माणसाकडे जास्त बघा. डायमॉक्स ही गोळी शरीराला उंचीची सवय व्हायला मदत करते, पण ती नागपुरातल्या आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते त्यांना आधी सांगा. घरात कुणाला हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा आजार असेल, कुणी गरोदर असेल, तर बुकिंगच्या आधी दवाखाना.

दुसऱ्या खेपेला आम्ही बेत उलटा लावला. चंदीगडहून पहिली रात्र नारकंडा, २,७०० मीटर. दुसरी कल्पा, २,९६० मीटर. तिसरी ताबो, ३,२८० मीटर. इथला मठ इ.स. ९९६ मधला आहे. आतली भित्तिचित्रं सावकाश बघा, फोटो मात्र काढू देत नाहीत. चौथ्या दिवशी धनकर बघून काझा. त्यानंतरचे दोन दिवस मुक्काम काझालाच ठेवून 'की' गावचा मठ, लांगझा, हिक्कीम, चिचमचा पूल. दिवसा वर जायचं, झोपायला खाली यायचं. सातव्या दिवशी कुंझुमवरून मनाली. तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात. असं शिमला-किन्नौरच्या बाजूने गेलं की हा हिशेब आपोआप जुळतो. मेव्हणा याही खेपेला बरोबर होता आणि हिक्कीमच्या पोस्टातून त्याने घरी पत्रही टाकलं.

आठवड्याच्या बेतात चंद्रतालचा मुक्काम घालू नका. तळं सुरेख आहे, पण त्यासाठी एक दिवस जास्त लागतो.

महिना निवडताना

मेमध्ये शाळांना सुट्टी असते, पण कुंझुम खिंड तेव्हा बहुधा बर्फाखाली असते. ती मे-अखेर ते जूनमध्ये कधीतरी उघडते. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून सरता सरता उघडतात. हा आपला फायदा आहे. जूनचा मधला पंधरवडा धरा, नाहीतर सप्टेंबर.

"स्पितीत पाऊसच नसतो, जुलैत गेलं तरी चालतं," हे अर्धंच खरं. स्पिती पर्जन्यछायेत आहे, पण तिथे नेणारा रस्ता किन्नौरमधून जातो आणि तिथे दरडी कोसळतात. २०२१ च्या जुलैत सांगला खोऱ्यात बटसेरीजवळ दगड कोसळून नऊ पर्यटक गेले. पुढच्याच महिन्यात निगुलसरीला अख्खी बस दरडीखाली सापडली. २०२३ च्या जुलैत चंद्रतालला अडीचशेहून अधिक पर्यटक बर्फात अडकले होते. दिवाळीच्या सुट्टीचा बेत असेल तर काझाची रात्र शून्याखाली जाते आणि कुंझुम कधीही बंद होऊ शकते, हे धरून चला.

गाडी: नागपूरच्या सवयी तिथे चालत नाहीत

आपल्याकडे रेडिएटरमध्ये साधं पाणी टाकून वर्षानुवर्षं चालतं. तिथे रात्री ते गोठू शकतं, म्हणून निघण्यापूर्वी कूलंट भरून घ्या. ब्रेकपॅड, क्लच आणि स्टेपनीची हवा तपासा. टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीचा जोर विरळ हवेत कमी होतो. इंजिन बिघडलं असं समजून घाबरू नका, खालचा गिअर टाका.

उतारावर सारखा पाय ब्रेकवर ठेवण्याची सवय कुरई घाटात खपून जाते, इथे नाही. ज्या गिअरमध्ये चढ चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. जळका वास आला किंवा ब्रेक पोचट लागला तर सुरक्षित जागा बघून थांबा, अर्धा तास गार होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते. चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवली तर क्लचप्लेट जळते, हँडब्रेक वापरा. अरुंद ठिकाणी समोरासमोर आलात तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे.

कडाक्याच्या थंडीच्या रात्री हँडब्रेक ओढून ठेवला तर सकाळी तो आखडलेला सापडतो. गाडी गिअरमध्ये उभी करा, टायरला दगड लावा आणि निघताना तो दगड रस्त्यातून बाजूला काढा. डिझेल गाडी सकाळी चटकन सुरू होत नसेल तर किल्ली फिरवून डॅशबोर्डवरचा गुंडाळीसारखा दिवा विझेपर्यंत थांबा, मग स्टार्टर मारा.

टाकी रिकाँगपिओच्या परिसरात काठोकाठ भरा, पुढचा भरवशाचा पंप काझाला. काझाहून मनालीकडे निघताना पुन्हा भरा, वाटेत पंप नाही.

कुंझुम उतरल्यावर बातल ते ग्राम्फू हा रस्ता जवळजवळ दगडगोट्यांचाच आहे आणि त्यावरून नाले वाहतात. बर्फ उन्हाने वितळतं, म्हणून सकाळी घोट्याएवढा असलेला नाला दुपारी गुडघ्यापर्यंत चढतो. काझाहून पहाटे पाचला निघा. नाल्यापाशी पोचलात आणि पाणी जोरात असेल तर आधी कुणी स्थानिक गाडी कुठून पार होते ते बघा, मग पहिल्या गिअरमध्ये न थांबता काढा. अंदाज येत नसेल तर थांबून राहा. रात्री थंडीने पाणी उतरतं.

फोन आणि पैसे

इतर राज्यांतली प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाहीत, हिमाचलात चालतात. पण स्पितीत बहुतेक ठिकाणी रेंजच नसते. नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि त्यावरच्या वेळेच्या दीडपट वेळ धरा. घरी सांगून ठेवा की दोन-दोन दिवस फोन लागणार नाही. आईने नागपुरात रात्र जागून काढायला नको. रोख रक्कम रिकाँगपिओपर्यंतच काढा, काझाच्या एटीएमवर विसंबू नका. भारतीयांना स्पितीसाठी परमिट लागत नाही, पण आधारकार्ड आणि गाडीचे मूळ कागद जवळ असू द्या.

परतीचं तिकीट त्याच रात्रीचं काढू नका

डोंगरातून उतरायचा दिवस आणि दिल्लीहून नागपूरला निघायचा दिवस यांत एक मोकळा दिवस हवाच. आमच्या दुसऱ्या खेपेला ताबोच्या अलीकडे, नाकोजवळ मलिंग नाल्यापाशी सकाळीच दगड आले आणि रस्ता बंद झाला. कधी उघडणार ते कुणालाच सांगता येत नव्हतं. 'दगड पडतात' अशी पाटी लावलेल्या पट्ट्यात थांबणं धोक्याचं, म्हणून मागे नाकोत गेलो, गावातल्या तळ्याकाठी बसलो आणि नागपूरहून नेलेला चिवडा काढला. उंचीवर पाकीट फुगून टम्म झालं होतं. शेजारच्या गाडीतलं कुटुंब मात्र दर पाच मिनिटांनी उठून रस्त्याकडे बघून येत होतं. त्यांना ठरलेल्या दिवशीच दिल्ली गाठायची होती. रस्ता दुपारी अडीचला उघडला. आमच्या बेतात एक दिवस शिल्लक होता, म्हणून आम्ही त्यांना पुढे जाऊ दिलं.