जुना सॅटेलाइट बॉक्स परत करताय? आधी एवढं बघून घ्या

नवीन बॉक्स लागला की जुन्याकडे कोणी बघत नाही, तो कपाटात जातो, आणि मग एखाद्या बिलात 'उपकरण परत आलं नाही' म्हणून भलतीच रक्कम दिसते आणि शोधाशोध सुरू. म्हणून हे काम अपग्रेड झाल्या झाल्याच उरकून टाकलेलं बरं.

सगळ्यात आधी बॉक्स नक्की कोणाचा ते बघा. लीजवर असेल तर तो कंपनीचाच, मग बसवून फुकट दिला असला तरी, आणि विकत घेतलेला असेल तर तुमचा. कधी कधी कंपनीच म्हणते की हे मॉडेल आम्हाला परत नको. त्यात नवल नाही, फक्त एमपेग-२ ही व्हिडिओ पाठवायची जुनी पद्धत समजणारा बॉक्स एमपेग-४ (नवी व्हिडिओ पद्धत) किंवा डीव्हीबी-एस२ (सॅटेलाइट सिग्नलची नवी पद्धत) वर गेलेल्या चॅनेलला काहीच उपयोगाचा नसतो आणि ते काय सॉफ्टवेअर अपडेटने सुधारत नाही. पण हे नुसतं फोनवर ऐकून बॉक्स टाकून देऊ नका, चॅट किंवा ईमेलवर लेखी घ्या.

आता रेकॉर्डिंग. डीव्हीआर, म्हणजे कार्यक्रम रेकॉर्ड करणारा बॉक्स असेल तर त्यातली रेकॉर्डिंग बहुतेक वेळा त्याच बॉक्सपुरती लॉक केलेली असतात, डिस्क काढून कॉम्प्युटरला लावली तरी चालत नाहीत, त्यामुळे बघायचं राहिलेलं आधी बघून घ्या, आणि तेही जुना बॉक्स बंद करायची तारीख विचारूनच, कारण अकाउंटवरून काढल्यावर बरेच बॉक्स जुनं रेकॉर्डिंगसुद्धा दाखवत नाहीत. बाहेरून लावलेली हार्ड डिस्क तुमची असेल तर काढून ठेवा. बॉक्समध्ये वायफायचा पासवर्ड किंवा कुठलं लॉगिन टाकलं असेल तर मेन्यूतून फॅक्टरी रीसेट मारा.

बॉक्स काढताना आधी वीज बंद, मग केबल. ही कोएक्सियल केबल फक्त सिग्नल आणत नाही, तिच्यातूनच बॉक्स वर डिशवरच्या एलएनबीला (डिशसमोर बसवलेला, सिग्नल पकडणारा भाग) १३ किंवा १८ व्होल्ट पाठवत असतो, त्यामुळे चालू बॉक्सचा कनेक्टर काढताना मधली तार बाहेरच्या जाळीला लागली तर शॉर्ट होऊ शकतो. अजून एक, काही सिंगल केबलच्या सिस्टीममध्ये (एकाच केबलवर सगळे बॉक्स) भिंतीजवळ एक छोटा पॉवर इन्सर्टर असतो, तो केबलमधून डिशकडे वीज पाठवतो, दिसायला अगदी अडॅप्टरसारखा. तो जुन्याबरोबर खोक्यात टाकला की नवीन बॉक्सचाही सिग्नल गायब! परत काय काय पाहिजे ते कंपनीच्या यादीतच बघा. साधारण बॉक्स, अडॅप्टर, रिमोट आणि व्ह्यूइंग कार्ड (चॅनेल चालू होण्यासाठी बॉक्समध्ये घातलेलं कार्ड) मागतात, छपरावरची डिश सहसा नाही. रिमोटमधले सेल काढून ठेवा.

मग येतो खरा मुद्दा, सिरियल नंबर. पाठवायच्या आधी मागच्या किंवा खालच्या स्टिकरचा स्पष्ट फोटो काढा, कार्डाच्या नंबरचापण, आणि अकाउंटमधल्या यादीशी जुळवून बघा. दोन टीव्ही असतील आणि दोन्ही बॉक्स सारखेच दिसत असतील तर चालू बॉक्सच पॅक होऊ शकतो, हसू नका, होतं असं. कुरियरचं लेबल कंपनीने दिलं असेल तर तेच वापरा, कारण बऱ्याचदा ते तुमच्या अकाउंटला जोडलेलं असतं. दोन बॉक्स असतील आणि लेबलं दोन असतील तर एकाच खोक्यात कोंबू नका, नाहीतर कंपनीच्या हिशोबात एकच जमा झाला असं दिसू शकतं. हार्ड डिस्कवाल्या बॉक्सला चारी बाजूंनी जाड गुंडाळा.

आणि पार्सल देताना पावती घ्याच. नवीन बॉक्स बसवायला आलेला माणूस 'जुना मी नेतो' म्हणाला तरी सिरियल नंबर लिहिलेली सहीची पावती घेतल्याशिवाय देऊ नका. तो माणूस खरा असतो हो, पण त्याच्या गाडीत असलेला बॉक्स कंपनीच्या हिशोबात अजून तुमच्याकडेच असतो. फोन करून 'बॉक्स न्यायला येतो, ओटीपी सांगा' म्हणणाऱ्याला मात्र सरळ कट करा आणि कंपनीच्या अधिकृत नंबरवर स्वतः विचारा.

पार्सल पोचल्याचं ट्रॅकिंगवर दिसलं म्हणजे झालं असं नाही. गोदामात तो नंबर स्कॅन होऊन अकाउंटवरून निघायला वेळ लागतो, तोवर अधूनमधून यादी बघत राहा, आणि पुढच्या एक-दोन बिलांत जुन्या बॉक्सचं भाडं लागलं नाही ना तेही तपासा. लागलंच तर भांडत बसायची गरज नाही, स्टिकरचा फोटो, पावती आणि ट्रॅकिंग नंबर एकाच मेलमध्ये पाठवा आणि तक्रार नंबर घेऊन ठेवा. डिपॉझिट भरलेलं असेल तर त्याच मेलमध्ये तेही मागून टाका.