स्पिटफायरचं स्टिअरिंग बदलताय? या चुका टाळा

एप्रिल उजाडला, की इंग्लंडात उघड्या टपाच्या गाड्यांवरची ताडपत्री निघते आणि माझा फोन वाजायला लागतो. "दादा, लाकडी स्टिअरिंग आणलंय. तासाभराचं काम आहे ना?" आहे. ज्यानं आधी दोनदा केलंय, त्याच्यासाठी तासाभराचं. पहिल्यांदा करणाऱ्यानं शनिवार अख्खा मोकळा ठेवावा आणि त्या दिवशी गाडी घेऊन कुठे जेवायला जायचं ठरवू नये.

मी बोलतोय ते ट्रायम्फ स्पिटफायर या उघड्या टपाच्या जुन्या ब्रिटिश गाडीबद्दल. १९६२ ते १९८० एवढा काळ ही गाडी बनत होती, तीन लाखांवर बनल्या. त्यामुळे पहिली चूक गॅरेजात नाही, खरेदी करतानाच होते. "स्पिटफायरचा हब" असा एकच हब (स्टिअरिंग दांड्यावर बसवणारा मधला तुकडा) नसतो. मार्क थ्री मॉडेलला बसणारा नंतरच्या १५०० मॉडेलला बसेलच असं नाही, कारण दांड्याच्या टोकावरचे दाते सालाप्रमाणे बदललेत. त्यातून या गाड्यांचे कॉलम (स्टिअरिंगचा दांडा आणि त्याची नळी) गेल्या पन्नास वर्षांत कुणी कुठले बसवलेत, देव जाणे. जुनं स्टिअरिंग काढा, दाते मोजा, मग ऑर्डर द्या. आधी ऑर्डर देऊन मग हातोडीनं "बसवून" घेणारे मी पाहिलेत. दाते एकदा चेचले, की हबही गेला आणि दांडाही.

स्टिअरिंगची भोकंही तपासा. मोमो कंपनीच्या स्टिअरिंगची सहा भोकं ७० मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात, नार्दीची ७४च्या. चार मिलिमीटरचा फरक ड्रिलनं भोकं ओढून भरून काढू नका. एवढंच सांगतो.

आता हातोडीबद्दल, कारण हे माझ्याच हातून झालेलं आहे.

कव्हेंट्रीला नवीन होतो, गाडीही नवीन, म्हणजे माझ्यासाठी नवीन. जानेवारीचा गारठा, हात बधिर. स्टिअरिंग तीसेक वर्षं हललेलं नसावं. नट पूर्ण काढला, मागून तळव्यांनी ठोकलं, ढिम्म. पुलर (स्टिअरिंग ओढून काढायचं हत्यार) शेजाऱ्याकडे होता, पण तो घरी नव्हता आणि मला संध्याकाळपर्यंत थांबवेना. मग घेतली हातोडी आणि दांड्याच्या टोकावर घातले तीन घाव. तिसऱ्या घावाला काहीतरी सरकलं. मी आनंदानं ओरडलोच. स्टिअरिंग खरंच सरकलं होतं, पण माझ्याकडे नाही, डॅशबोर्डकडे. चांगलं इंचभर.

झालं असं, की या गाडीचा कॉलम अखंड नसतो. दांड्याचे दोन भाग एकात एक सरकतात आणि ते एका क्लॅम्पच्या पकडीवर थांबलेले असतात. अपघातात दांडा थेट छातीत घुसू नये, म्हणून ही सोय. माझ्या हातोडीला त्यानं अपघातच समजलं. क्लॅम्प सरकला, राहिलेला धक्का दांड्याच्या खालच्या टोकाच्या रबरी जोडानं, म्हणजे कपलिंगनं, खाल्ला, आणि दांड्याचं टोक छत्रीसारखं पसरून आटे मेले ते वेगळेच. नट पुन्हा चढेना. दोन शनिवार-रविवार आणि भंगारातला एक कॉलम, एवढ्यावर सुटलो. शेजारी त्या दिवशी साडेपाचला घरी आला होता.

तेव्हापासूनची माझी सवय सांगतो. बॅटरीची तार काढायची. चाकं सरळ करायची. दांडा आणि जुना हब दोन्हींवर सेंटर पंचनं एकेक ठिपका मारायचा. नट सैल करायचा, पण काढायचा नाही, शेवटच्या दोन-तीन आट्यांवर ठेवायचा. दात्यांवर आदल्या रात्री तेल. सकाळी पुलर, आणि पुलरचे पाय हबच्या लोखंडावर, स्टिअरिंगच्या आऱ्यांवर नाहीत. ताण देऊन चहा करायला जायचं. बऱ्याचदा चहा होईपर्यंत "टक्" असा आवाज येतो आणि स्टिअरिंग सुटलेलं असतं. तेव्हा नट जागेवर असेल तर ते तिथेच अडतं. नसेल तर ओढणाऱ्याच्या तोंडावर येतं. एका मित्राचा पुढचा दात असाच गेला.

स्टिअरिंग वाकडं बसणं ही नेहमीची तक्रार. ४८ दात्यांच्या दांड्यावर एक दाता म्हणजे साडेसात अंश, त्याहून बारीक फरक दाता बदलून जात नाही. तो चाकांकडे जाणाऱ्या टाय रॉडवर काढायचा, एका बाजूला जेवढा आत तेवढाच दुसऱ्या बाजूला बाहेर. आणि त्याआधी रॅक (स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळवणारी दातेरी पट्टी) मधोमध आहे का ते बघा: या टोकापासून त्या टोकापर्यंत फेरे मोजा, निम्म्यावर या. रॅक तिरकी ठेवून नुसतं स्टिअरिंग सरळ केलंत, तर गाडी एका बाजूला जास्त वळेल, दुसरीकडे कमी, आणि इंडिकेटरही नको तिथे बंद होईल.

हॉर्न. फोनांपैकी निम्मे यासाठीच असतात. "नवीन स्टिअरिंग बसवलं आणि हॉर्न गेला. बटण खराब दिलंय." बटण खराब नसतं हो.

या गाडीत हॉर्नला वीज कायम असते, बटण फक्त अर्थ (अर्थिंग, विजेचा चासीकडचा परतीचा रस्ता) पुरवतं. तो अर्थ बटणातून दांड्यात, दांड्यातून खाली रॅकला आणि तिथून चासीला जातो. पण दांडा वर बुशांत बसलेला आणि खाली रबरी कपलिंग, म्हणजे विजेच्या हिशेबानं तो अधांतरीच. म्हणून कपलिंगवरून एक छोटी तार दोन्ही बाजूंना जोडलेली असते. जुन्या गाडीत ती तुटायला टेकलेली असते, तुमच्या ओढाताणीत तुटते, आणि शिव्या बटणाला.

बॅटरी जोडून हॉर्नची जांभळी-काळी तार चासीला टेकवून बघा. हॉर्न वाजला तर दोष बटण ते चासी या रस्त्यात आहे. मग एक सुटी तार दांड्यापासून चासीला धरून बटण दाबा. आता वाजला तर कपलिंगची तार गेली. नवीन लावताना थोडी सैल ठेवा, कपलिंग हलतं. रॅकही रबरात बसते, म्हणून मी रॅकच्या नळीपासून चासीला आणखी एक तार मारतोच. सुट्या तारेनंही वाजला नाही, तर हबमधली स्प्रिंगची पितळी पेन्सिल (बटणापर्यंत वीज पोचवणारी कांडी) बघा. जुन्या हबबरोबर ती कचऱ्यात गेलेली असते. नवीन हबला तिची लांबी जुळत नसेल, तर आखूड पेन्सिल टेकत नाही आणि लांब पेन्सिल घासते.

कोल्हापूरला काकांकडे मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेराल्ड होती, स्पिटफायरची सख्खी चुलत बहीण. तिचा हॉर्न गेला, तेव्हा मिस्त्रींनी बॉनेट उघडून दोन मिनिटांत तांब्याची तार पिळून दिली होती. मी शेजारी उभा राहून बघत होतो आणि तीस वर्षांनी इथे त्याच दोषासाठी दोन नवी बटणं विकत घेतली.

हबचे छोटे स्क्रू निळ्या लॉकटाइटनं (आटे धरून ठेवणारा गोंद) बसवा, एकाआड एक, समोरासमोरचे. झिजलेली ॲलन की फेकून द्या.

१३ इंची स्टिअरिंग दिसतं छान. पार्किंग करताना खांदे बोलतात.

नटाचं टॉर्क वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतं. तेवढंच द्या, "घट्ट वाटलं" हे माप नव्हे. इथे चाळीस वर्षांवरच्या गाडीला, फार फेरफार केलेले नसतील, तर एमओटी (दरवर्षीची सुरक्षा) तपासणी लागत नाही. म्हणजे तुमचा नट ढिला आहे हे सांगणारं कुणी नाही. विमा कंपनीला बदल कळवा. मी शंभर मैलांनंतर बटण काढून नटावर पुन्हा पाना टाकतो, आणि तोपर्यंत मोटरवेवर जात नाही.